थोरल्या माळावर उचललेला भंडारा

कृष्णाकाठच्या माणसानं माणदेशाच्या कडेला जाऊन बघायचं तरी काय, असं परत आल्यापासून मला अनेकांनी विचारलं. तिथं किल्ला नाही, थंड हवा नाही, नाव सांगावं असं ठिकाण नाही. मला नीट उत्तर देता येईना, म्हणून लिहून काढतो आहे. मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि प्रवास म्हणजे बाजाराला नाहीतर सोयरिकीला जाणं, एवढंच आमच्या घरी ठाऊक.

सांगलीच्या वसतिगृहात धोंडीराम माझ्या खोलीत राहतो. तो आटपाडीच्या पलीकडचा, मेंढपाळाचा मुलगा. त्याच्या लोकांना मी लहानपणापासून ओळखतो, असं मला वाटत होतं. आमचं गाव पलूसजवळ. ऊस तुटून गेला की दरवर्षी धनगरांची मेंढरं आमच्या रानात बसायला येतात. रात्रभर कळप बसला की रानाला खत मिळतं आणि त्याबद्दल त्यांना धान्य मिळतं. पण ही माणसं कुठून येतात आणि परत कुठं जातात, हे मी कधी विचारलं नव्हतं. ऊस तुटला की ती यायची आणि उन्हाळा सरला की नाहीशी व्हायची.

दिवाळीची सुटी लागायच्या आधी धोंडीराम म्हणाला, "माझ्याकडं चल गड्या. आमची माणसं माळावर ठाण मांडून बसल्यात. कालिजातलं कुणीतरी बघाय पायजे." मी हो म्हटलं. वर्तमानपत्रात मोर्च्यांचे फोटो बघितलेले होते. तसलंच काहीतरी असेल, घोषणा असतील, कदाचित मलाही चार शब्द बोलायला सांगतील, असं मनात होतं. एसटीत बसल्यावर मी मनातल्या मनात एक भाषणही जुळवून ठेवलं.

निघण्याआधी धोंडीराम हळदीच्या पेठेत गेला. त्याच्या आत्यानं भंडारा मागवला होता, म्हणजे देवाला वाहायची हळदीची पूड. ती त्यानं कापडी पिशवीत भरून घेतली. विट्याला गाडी बदलली. भिवघाटाच्या वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि पिशवीचं तोंड सुटलं. शेजारी पांढऱ्याशुभ्र धोतरातले एक म्हातारे बसले होते. ते कमरेपासून खाली पिवळे झाले. आम्ही दोघं घाबरून त्यांचं धोतर झटकू लागलो, तसा रंग आणखीच पसरला. म्हातारे शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या लेकरांनो. म्हातारी मेल्यापासनं हळद लागली नव्हती." सगळी गाडी हसली.

आटपाडीच्या पुढं

आटपाडीपासून पुढं आम्ही चालत निघालो. आमच्याकडं दिवाळीत जिकडं बघावं तिकडं हिरवं असतं, माणूस उसात शिरला तर दिसत नाही. इथं लांबवर चालणारा माणूस मुंगीएवढा दिसतो आणि तो जवळ येईपर्यंत त्याची वाट बघावी लागते. बाभळी, बोरी, काळे दगड आणि मध्येच गुडघ्याएवढं पिवळं गवत. माणगंगा आम्ही पायांतल्या वहाणा न काढता ओलांडली.

चालता चालता धोंडीरामनं प्रकरण समजावून सांगितलं. हा थोरला माळ औंधाच्या राजाच्या वेळेपासून चराईला मोकळा आहे. आता तो संकरित जनावरं पाळणाऱ्या एका संस्थेला द्यायचं ठरलं होतं. संस्थेचा पुढारी आमच्याच बागाईत भागातला. नाव माझ्या ओळखीचं होतं; शाळेत असताना त्याच्याच हातून मी बक्षिसाच्या वह्या घेतल्या होत्या.

कागदावर माळ पडीक दाखवला होता, तिथं कोणाची वहिवाट नाही असं लिहिलं होतं. ताबा घ्यायची तारीख दिवाळीनंतरची काढली होती. "ज्यानं तारीख काढली त्याला आमचं सगळं पाठ हाय," धोंडीराम म्हणाला. दिवाळी झाली की माळावरचं गवत आणि पाणी सरत जातं. मग सगळी वस्ती मेंढरं घेऊन नदीकाठाला निघते आणि मृगाला परतते. म्हणजे त्या तारखेला माळ खरोखरच रिकामा सापडला असता. पंचनाम्यात रिकामी जागा म्हणून लिहिलं असतं, तारेचं कुंपण पडलं असतं आणि मृगाला परतलेल्या मेंढरांना शिरायला वाट उरली नसती. आटपाडीच्या वकिलानं एकच गोष्ट सांगितली होती. ताब्याच्या दिवशी माळावर नांदती बिऱ्हाडं दिसली पाहिजेत, मग कोर्टात उभं राहता येईल.

माळावर

मोर्च्यासारखं तिथं काहीच नव्हतं. झेंडा नाही, फलक नाही. घोंगड्यांची पालं, तीन दगडांच्या चुली, घोडी, कुत्री, कोंबड्या. माळाच्या बरोबर मधोमध मेंढरांभोवती वाघर लावलेली. वाघर म्हणजे सुतळीचं मोठं जाळं. त्याच्या आत कळप रात्री बसतो. मोजणीवाल्यांनी मागं येऊन चुना लावलेले दगड रोवले होते. वाघरीच्या चार मेखा मुद्दाम त्या दगडांच्या चारी अंगांनी ठोकल्या होत्या, आणि दगड मेंढरांत बुडून गेले होते.

धोंडीरामचे वडील म्हाकूतात्या वस्तीचे कारभारी. पण खरा शब्द चालतो तो त्यांच्या थोरल्या बहिणीचा, लक्काबाईंचा. नवरा वारल्यापासून त्या भावाच्या वस्तीत राहतात. धोंडीराम त्यांना आत्ती म्हणतो, म्हणून मीही आत्तीच म्हणू लागलो. उंच, काटक बाई. बोलताना समोरच्याकडं बघतच राहतात, त्यामुळं मी निम्मं वाक्य विसरून जात असे.

गेल्या गेल्या माझ्या हातून घोटाळा झाला. आत्तींनी पाण्याचा तांब्या पुढं केला. आमच्याकडं पाहुण्याला पहिल्यांदा पाय धुवायला पाणी देतात. मी तांब्या घेतला आणि पायांवर रिता केला. कोस दीड कोसावरच्या झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं ते प्यायचं पाणी होतं. आत्ती माझ्या ओल्या पायांकडं बघत म्हणाल्या, "पायांस्नी लय तान लागली व्हती वाटतं."

मग त्यांनी दुसरा तांब्या भरून दिला. तो मी थेंबभर न सांडता प्यालो. जेवायला बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं होतं, म्हणजे हुलग्याच्या पिठाची पातळ, गरम पेज. आमच्याकडं हुलगा बैलाला घालतात. ते मी सांगितलं नाही. तिसऱ्या वाटीला मला ते आवडायला लागलं होतं.

माझं भाषण तसंच राहिलं. तिथं बोलायला कोणालाच सांगायची गरज नव्हती. सगळे एकाच वेळी बोलत होते, आणि भांडण एका गोष्टीवर अडलं होतं. मेंढरं सगळीच्या सगळी माळावर ठेवावीत तर ती पौषापर्यंत उपाशी मरतील. कळप नदीकाठाला न्यायलाच हवा. मग माळावर थांबायचं कुणी?

इथं या लोकांची रीत सांगितली पाहिजे. वाटचालीत गडी मेंढरांमागं चालतात, पण मुक्काम हलवतात त्या बायका. घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, पुढं जाऊन जागा धरायची, रानमालकाशी बोलायचं, पाल ठोकून चूल पेटवायची, हे सगळं त्यांच्याकडं. बायकांवाचून कळप निघाला असं कधी झालं नव्हतं. म्हणून गड्यांचं म्हणणं असं की बायकांनी आणि पोरांनी कळप न्यावा, माळ आम्ही राखतो. एकानं काठी आपटून दाखवली.

आत्तींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शिपाई आला की तुमी काठी उचलनार. आन् तुमी काठी उचलावी हेच त्यानला पायजे हाय. धरून न्हेलं की माळ मोकळा. हितं आमी बसतो. वल्या मेंढ्या आन् कोकरं आमच्याजवळ ठेवा, तेवढ्यापुरता चारा हाय. बाकीचं तुमी घिऊन जावा, आन् जाता जाता भाकरी थापाय शिका."

गडी बराच वेळ कुरकुरले. म्हाकूतात्या मात्र उठले. आणि कुठल्या व्यालेल्या मेंढ्या मागं ठेवायच्या ते बघायला वाघरीत शिरले. मग बाकीचेही उठले.

भंडारा

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीखालच्या बिरोबाच्या तांदळ्यापुढं, म्हणजे देव म्हणून पुजलेल्या दगडापुढं, सगळे जमले. आम्ही सांगलीहून आणलेला भंडारा पितळेच्या ताटात ओतला होता. निम्मा म्हाताऱ्यांच्या धोतरावर गेला होता तरी ताट भरलं. ताट एकेकीपुढं फिरू लागलं. बाई वाकायची, चिमूट घ्यायची, कपाळाला लावायची. धोंडीरामनं हात पुढं केला तेव्हा आत्तींनी ताट त्याच्या पुढून उचललं आणि माझ्या पुढून पलीकडं नेऊ लागल्या. मला वाटलं, पाहुणा म्हणून मला संकोच वाटेल असं त्यांना वाटलं असेल. आमच्याकडं देवाचा भंडारा समोरून गेला आणि घेतला नाही तर तो देवाचा अपमान. मी घाईनं हात घातला, चांगली मोठी चिमूट घेतली आणि कपाळभर लावली.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "बागाईतवाल्यानं बी उचलला की गं."

धोंडीरामचा चेहरा उतरला. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मला कळलं. तो प्रसाद नव्हता. कोर्टाचा हुकूम हातात येईपर्यंत माळ सोडणार नाही, अशी ती आण होती. ज्यानं चिमूट उचलली त्यानं मुक्काम टाकायचा, काही झालं तरी हलायचं नाही.

आत्ती आमच्याकडं आल्या. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "न कळता उचललास. पर उचललेला भंडारा खाली ठिवता येत न्हाई. दुसऱ्या कुनी तुझ्या कपाळचा आपल्या कपाळाला लावून घेतला, तर तू सुटशील."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत धोंडीरामनं कपाळ माझ्यापुढं केलं. "पूस," तो म्हणाला. "न्हाईतरी माजाच मान व्हता त्यो."

मला हे लिहायला सोपं जात नाही. दिवाळीनंतर आमची सहामाही परीक्षा होती. तिला जो बसणार नाही त्याची वसतिगृहातली फुकट जेवणाची सवलत जाते. ही सवलत माझ्यासाठी होती तशी त्याच्यासाठीही होती. ती गेली तर मला घरी परत जावं लागलं असतं. पण माझ्या घरी निदान ऊस आहे. धोंडीराम त्या सगळ्या वस्तीतला शाळा संपवलेला एकटा. आत्तींनी ताट त्याच्या पुढून का उचललं, ते मला तेव्हा कळलं. मी मागं सरलो आणि "नको" म्हटलं. ते धाडस होतं असंही म्हणवत नाही, कारण पुढच्याच क्षणी मी परीक्षेचे दिवस मोजत होतो.

आत्ती माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग पानी कसं वापरायचं त्ये शिकून घे."

घोडी लादली ती सकाळ

गड्यांनी बिऱ्हाड लादलं ती सकाळ मी जन्मभर विसरणार नाही. बायका लांब ओळीनं बसल्या होत्या आणि मदतीला जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. म्हाकूतात्यांनी घोडीवर आधी कोंबड्यांचा डालगा बांधला, त्यावर पाल, त्यावर तवा आणि परात. घोडी चार पावलं चालली, परात खणखणली आणि घोडी खाली बसली. कोंबड्यांनी एकच ओरड केली. एक बाई म्हणाली, "आवं कारभारी, डालगा वर बांधत्यात." म्हाकूतात्या म्हणाले, "ठावं हाय." मग सगळं सोडून त्यांनी पुन्हा बांधलं. आणखी एक गडी अर्ध्या वाटेवरून मिठासाठी परत आला, मग तोच पुन्हा काडेपेटीसाठी. दोन्ही वेळेला बायकांनी त्याला मानानं बसवून गुळाचा चहा पाजला.

कळप शेवटी निघाला. आईवाचून पहिल्यांदाच चाललेली मोठी पोरं मागं बघत होती. धोंडीराम परीक्षेसाठी सांगलीला निघाला, एसटीच्या फाट्यापर्यंत तो त्यांच्याबरोबर गेला. धूळ खाली बसली तेव्हा माळ एवढा मोठा झाला की मला कुठं उभं राहावं ते कळेना.

पुढचे दिवस कामात गेले. रोज सकाळी आमच्या कपाळाला ताटातला भंडारा नव्यानं लागायचा. मला कोकरांचं काम मिळालं. मेंढ्या चरून आल्या की प्रत्येक कोकरू ज्याच्या त्याच्या आईला लावायचं. मला सगळी कोकरं सारखीच दिसायची. चुकीचं कोकरू नेलं की मेंढी कोकराला नाही, मला ढुसणी द्यायची. आमच्या घरी एका म्हशीचं एक रेडकू, चुकायचा प्रश्न नाही. सकाळी मी झऱ्यावरून पाणी आणायचो आणि निम्मं अंगावर सांडायचो. चुलीला शेणी आणि बाभळीच्या काटक्या लागत. एका पालात तरी विस्तव कायम धरून ठेवायचा, असं आत्तींनी सांगितलं होतं. परीक्षा जवळ येत होती. एकदोनदा मी पिशवी भरून पालाबाहेर ठेवली आणि पुन्हा आत नेली. ते कोणी बघितलं नाही असं मला वाटत होतं. नंतर कळलं की सगळ्यांनी बघितलं होतं आणि कोणी त्याचा विषय काढला नाही.

ताब्याचा दिवस

जीप लांबून दिसली. मागं ट्रॅक्टरची ट्रॉली, तिच्यात तारेची भेंडोळी आणि दगडी खांब. जीपमधून ताबा द्यायला आलेले सरकारी साहेब उतरले, मोजणीवाला उतरला, दोन शिपाई उतरले आणि शेजारच्या गावचे दोन शेतकरी. ते पंच म्हणून आणले होते, रिकाम्या माळाच्या पंचनाम्यावर सही-अंगठ्यासाठी.

साहेब पालांकडं, मेंढ्यांकडं बघत राहिले. ते उर्मट नव्हते. त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही लोक दिवाळी झाली की नदीकाठाला जाता ना?"

"जातो की," आत्ती म्हणाल्या. "औंदा न्हाई गेलो."

"का?"

"तुमी येनार म्हनून."

साहेबांनी मोजणीवाल्याला साखळी काढायला सांगितलं. चुन्याचे दगड वाघरीच्या आत. त्यांनी आत्तींना जाळं सोडायला सांगितलं. आत्ती म्हणाल्या की मी सोडणार नाही, तुम्हाला सोडायचं तर सोडा, कोकरं लांडग्यानं नेली तर तेही तुमच्या कागदावर लिहा. बाकीच्या बाया उठल्या आणि प्रत्येक मेखेपाशी एकेक जाऊन बसली. कोणी ओरडलं नाही. एक जण तर मेखेला टेकून पोराला पाजत बसली. शिपाई साहेबांच्या तोंडाकडं बघू लागले.

मग साहेबांची नजर माझ्यावर गेली. पॅन्ट घातलेला तिथं मी एकटाच. "तू कुठला?"

"पलूसकडचा."

"मग इथं काय करतोस? कोणी पाठवलं तुला?"

मला खूप बोलायचं होतं. एसटीत जुळवलेलं भाषण होतंच. पण तोंडातून एवढंच आलं, "मी भंडारा उचललाय."

साहेबांना ते कळलं नाही. पण शिपायांतला थोराड होता त्याला कळलं. त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं, मग बायकांच्या कपाळांकडं, आणि साहेबांच्या जवळ जाऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला.

मोजणीवाल्यानं जीपच्या बॉनेटवर कागद पसरून पंचनामा लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात जागा रिकामी असल्याचं लिहिलेलं होतं. बिऱ्हाडं तात्पुरती, बाहेरून आणून बसवलेली, असं काहीतरी पुढं जोडलं होतं. अंगठ्यासाठी शाईची डबी उघडली. दोघांतला वयस्कर पंच पुढं झाला आणि थबकला. तो आत्तींच्या पालापाशी गेला, चुलीपुढं उकिडवा बसला, तिथली राख त्यानं काडीनं उकरली. खाली जुनी, बसलेली राख होती, पावसाळ्यांनी दगड झालेली, थरावर थर.

तो उठून म्हणाला, "सायेब, ही चूल माज्या बापाच्या येळची हाय. रिकामी जागा म्हनून मी आंगठा कसा देऊ? उद्या माजं बी रान कुनी रिकामं लिवंल." दुसरा पंच आधीच जीपपासून लांब जाऊन उभा राहिला होता.

साहेब बराच वेळ बोलले. पंच हलले नाहीत. शेवटी माळावर बिऱ्हाडं आणि मेंढ्या आढळल्या, ताबा देता आला नाही, असं लिहावं लागलं. त्यावर मात्र दोघांनीही अंगठे दिले. जाताना साहेब म्हणाले की दोन दिवसांत जादा बंदोबस्त घेऊन परत येऊ, तोवर तार इथंच राहू दे.

"तार हितं न्हाई ऱ्हानार," आत्ती म्हणाल्या. ट्रॉलीतून दोन भेंडोळी उतरवून झाली होती. बाया त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या. शिपायांनीच ती परत उचलून ट्रॉलीत घातली. तारेनं एकाचा हात ओरखडला तेव्हा आत्तींनीच त्यावर हळद दाबली.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आमच्या शेजारच्या गावचा निघाला. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "आरं, तू हितं कसा? चल, बस मागं, पलूसला सोडतो. सकाळच्या गाडीनं सांगली." परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. मी गेलो असतो तर वेळेवर पोचलो असतो. पण साहेब दोन दिवसांत येतो म्हणाले होते, आणि कोर्टाचा हुकूम आला नव्हता. मी नको म्हटलं. या वेळी मी दिवस मोजले नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "येडा हायस," आणि गाडी चालू केली. आमच्या भागाचा ट्रॅक्टर तारेसकट टेकाडाआड जाईपर्यंत आम्ही सगळे बघत उभे होतो.

बंदोबस्त आला नाही. आम्ही रोज रस्त्याकडं बघत होतो. परीक्षा संपवून एका दुपारी धोंडीरामच आला. तो वाटेत वकिलाकडं गेला होता आणि त्याच्याजवळ कोर्टाच्या मनाई हुकुमाची नक्कल होती. पंचनाम्याच्या जोरावर तो मिळाला होता. त्यानं आधी मला बाजूला घेतलं. रेक्टर विचारत होते, म्हणाला. आजारी होतो असं लिहून दिलंस तर सवलत वाचेल. मी म्हटलं, "माळावर होतो म्हणून सांग. तसंच लिहून देतो." त्यानं माझ्या पाठीवर एक गुद्दा मारला.

मग सगळ्यांपुढं मी हुकूम वाचला. अवघड भाषा होती, मी अडखळत होतो. पुढील तारखेपर्यंत कोणीही ताबा घेऊ नये, एवढा त्याचा अर्थ. बाया एकमेकींकडं बघून हसल्या. एकीनं नदीकाठाकडं निरोप कोण नेणार म्हणून विचारलं. आत्ती मात्र माझ्याकडंच बघत होत्या.

"म्हंजे कायमचं न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही आत्ती. पुढच्या तारखेपर्यंत."

त्यांनी मान हलवली, पदर खोचला आणि पालाकडं वळल्या.

"मग चूल इझवू नका," त्या म्हणाल्या.

मला बागाईतवाला म्हणालेल्या त्या म्हातारीनं दोन शेणी आणून विस्तवावर ठेवल्या आणि फुंकर घातली.